रक्तातला माग : शिरूर, दौंड आणि डेंग्यू

डेंग्यूचा विषाणू माणसाच्या रक्तात जेमतेम आठवडाभर राहतो. ताप उतरू लागला की तो रक्तातून नाहीसा होतो आणि त्यानंतर कितीही शोधला तरी सापडत नाही. त्याला अडवण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, मात्र मागे राहतात. त्यांतील आयजीएम जातीची प्रतिपिंडे दोन-तीन महिने टिकतात, तर आयजीजी जातीची बहुधा जन्मभर. एखाद्या गावातल्या सर्व वयांच्या निवडक माणसांचे रक्त तपासून त्यात ही प्रतिपिंडे शोधली, तर विषाणू त्या गावात कधी आला, किती जणांना लागला आणि अजून किती जण त्याच्या तावडीत सापडू शकतात, याचा बराचसा उलगडा होतो. या पद्धतीला सेरो सर्वेक्षण म्हणतात. करोनाच्या साथीत हा शब्द घरोघरी पोहोचला. २०२० च्या ऑगस्टमध्ये पुणे शहरातील पाच प्रभागांच्या पाहणीचा निष्कर्ष जाहीर झाला आणि तपासलेल्यांपैकी ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडे असल्याचे कळले. डेंग्यूच्या अभ्यासात ही पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे.

हा आडमार्ग घ्यावा लागतो, कारण डेंग्यूच्या रुग्णसंख्येवरून त्याच्या प्रसाराचा अंदाज येत नाही. विषाणू शरीरात शिरलेल्या दर चार माणसांपैकी सुमारे तिघांना काहीच होत नाही किंवा किरकोळ कणकण येऊन जाते. उरलेल्यांतले बहुतेक जण गावातल्या खासगी डॉक्टरकडे जातात. तिथे पट्टीवरची झटपट चाचणी होते, प्लेटलेट मोजल्या जातात, सलाईन लागते आणि रुग्ण बरा होऊन घरी जातो. सरकारी यादीत मात्र त्याचे नाव चढत नाही, कारण कीटकजन्य आजारांवरील राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे डेंग्यूची खात्री एलायझा पद्धतीच्या चाचणीनेच व्हावी लागते आणि ती ठरावीक सेंटिनेल, म्हणजे देखरेखीसाठी नेमलेल्या, रुग्णालयांत किंवा प्रयोगशाळांत होते. २०१७ मध्ये देशभरात डेंग्यूचे १,८८,४०१ रुग्ण नोंदले गेले. त्याच्या काही वर्षे आधी, २०१४ मध्ये, डोनाल्ड शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात भारतातील डेंग्यूचे प्रत्यक्ष रुग्ण नोंदलेल्या आकड्याच्या २८२ पट असावेत असे अनुमान निघाले. हा गुणक वादाचा विषय होऊ शकतो. पण खरी संख्या काही पटींनी मोठी आहे, याबद्दल अभ्यासकांत दुमत नाही.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शिरूर आणि दौंड हे तालुके या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. पुणे-नगर रस्ता शिरूरमधून जातो, पुणे-सोलापूर रस्ता दौंडमधून. सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगाव गणपती येथे कारखान्यांच्या रांगा आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या भाड्याच्या खोल्या आहेत. दौंड हे रेल्वेचे जंक्शन आहे आणि कुरकुंभला रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस एका बाजूला, तर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी कोरडवाहू गावे दुसऱ्या बाजूला. ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातून टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातात. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास गटारात किंवा डबक्यात वाढत नाही. त्याला माणसाने साठवलेले स्वच्छ पाणी लागते. अंगणातला रांजण, झाकण नसलेला सिमेंटचा हौद, निळे पिंप, गच्चीवरची टाकी, पंक्चरच्या दुकानाबाहेरचे टायर, फ्रिजमागचा ट्रे ही त्याची घरे. पाणी रोज येत नसेल तर माणूस पाणी साठवतो, आणि साठवलेले पाणी आठवडाभर बदलले नाही तर त्यात डासाची पिढी तयार होते. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला कित्येक महिने चिकटून राहतात आणि पाणी लागताच जिवंत होतात. त्यामुळे डेंग्यू हा शहराचा आजार आहे ही समजूत रस्त्याकडेच्या गावांना लागू पडत नाही. मराठवाड्यातील परभणी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आलेल्या डेंग्यूच्या साथीची शास्त्रीय नोंद १९९१ मध्येच प्रसिद्ध झालेली आहे.

रक्तात काय घडते ते क्रमाने पाहायला हवे. डास चावल्यानंतर चार ते दहा दिवसांनी ताप येतो. पहिल्या पाच दिवसांत रक्तात विषाणूचे एनएस-१ हे प्रथिन सापडते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून आयजीएम दिसू लागते आणि दोन आठवड्यांच्या सुमारास सर्वाधिक होते. आयजीजी त्यानंतर हळूहळू वाढते. हा क्रम पहिल्या संसर्गाचा. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत. एका प्रकाराची लागण झाली की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, उरलेल्या तिघांपासून मात्र थोडेच महिने. दुसऱ्या प्रकाराचा विषाणू शिरला की शरीराची जुनी आठवण जागी होते. आयजीजी पहिल्या काही दिवसांतच भराभर वाढते आणि आयजीएम कमी राहते, कधी सापडतही नाही. डेंग्यू जीवघेणा ठरतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या संसर्गातच. आधीची प्रतिपिंडे नव्या विषाणूला पुरती निकामी करू शकत नाहीत, उलट त्याला पेशींत शिरायला मदत करतात. हे सूत्र स्कॉट हॉलस्टेड या संशोधकाने थायलंडमधील मुलांच्या अभ्यासातून मांडले.

म्हणूनच एखाद्या तापाच्या रुग्णाच्या अहवालात केवळ ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ असे आले, तर त्याला आत्ता डेंग्यू झाला आहे असे म्हणता येत नाही. त्याला तो कदाचित दहा वर्षांपूर्वी, नकळत होऊन गेला असेल. रुग्णापुरती निरुपयोगी वाटणारी हीच माहिती पूर्ण गावाच्या अभ्यासात मोलाची ठरते. आयजीएमवरून सध्या किंवा गेल्या काही आठवड्यांत काय चालले आहे ते कळते आणि आयजीजीवरून आजवर काय होऊन गेले ते.

भारतात डेंग्यूच्या निदानासाठी सरकारी यंत्रणा जी चाचणी वापरते ती मॅक-एलायझा. तिचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे एनआयव्ही, तयार करते आणि देशभरच्या सेंटिनेल रुग्णालयांना पुरवते. प्लास्टिकच्या ताटलीत ९६ लहान खळगे असतात. त्यांच्या तळाशी मानवी आयजीएमला पकडून ठेवणारे प्रतिपिंड लावलेले असते. रुग्णाचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, त्यात घातले की त्यातील सगळे आयजीएम तिथे अडकते. मग डेंग्यूचे प्रतिजन घालतात. अडकलेल्या आयजीएमपैकी काही डेंग्यूविरुद्धचे असेल तरच ते प्रतिजन चिकटून राहते, नाहीतर धुतल्यावर निघून जाते. शेवटी रंग उमटवणारे रसायन घालून रंगाची तीव्रता यंत्रावर मोजतात. आयजीजीच्या चाचणीत रचना थोडी वेगळी असते, पण मूळ कल्पना तीच.

पुण्यात या कामाला जुनी परंपरा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ मध्ये पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर स्थापन केले. १९७८ मध्ये त्याची राष्ट्रीय विषाणू संस्था झाली. केंद्र सुरू झाले तेव्हा भारतात डासांमार्फत पसरणारे कोणकोणते विषाणू आहेत, याची फारशी माहिती नव्हती. प्रत्येक विषाणू हुडकून वेगळा करायचा तर वर्षे गेली असती. म्हणून स्मिथबर्न, केर आणि गटणे यांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांतील रहिवाशांचे सीरम जमवले आणि ते कोणत्या विषाणूंना निष्प्रभ करते याची तपासणी केली. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा लेख हा भारतातल्या विषाणूंचा पहिला नकाशा म्हणावा लागेल. विषाणू हाती नसताना त्याच्या पाऊलखुणांवरून त्याचा वावर ओळखण्याचा हा प्रयत्न होता. झिकासाठी तपासलेल्या १९६ नमुन्यांपैकी ३३ नमुन्यांनी झिका विषाणूला निष्प्रभ केल्याची नोंद त्यात आहे.

ही झिकाची नोंद आजही जपून वाचावी लागते आणि त्याचे कारण या पद्धतीच्या सर्वांत मोठ्या अडचणीत आहे. डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाइल हे विषाणू एकाच कुळातले. त्यांची बाहेरची रचना इतकी मिळतीजुळती असते की एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीतही पकडली जातात. ज्या भागात जपानी मेंदूज्वराची लस दिली जाते, जसे विदर्भातील काही जिल्हे, तिथे डेंग्यूच्या आयजीजी चाचणीचा अर्थ लावताना हे ध्यानात ठेवावे लागते. अशा वेळी पीआरएनटी ही अधिक कष्टाची चाचणी करतात. पेशींच्या थरावर जिवंत विषाणू सोडला की जिथे पेशी मरतात तिथे ठिपके पडतात. त्यात माणसाचे सीरम वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून हे ठिपके किती कमी झाले ते मोजतात. चारही प्रकारांच्या डेंग्यूसाठी आणि शेजारच्या विषाणूंसाठी हे स्वतंत्रपणे करावे लागते. त्याला दिवस लागतात, प्रशिक्षित हात लागतात आणि सुरक्षित प्रयोगशाळा लागते. हजारो नमुने असे तपासणे शक्य नसल्याने सर्वांची एलायझा आणि त्यांतील काहींची पीआरएनटी, अशी तडजोड केली जाते.

दौंडला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातील बेलसर गावाने २०२१ मध्ये ही अडचण प्रत्यक्ष दाखवून दिली. जुलैच्या सुरुवातीपासून तिथे तापाचे रुग्ण वाढले. लक्षणे डेंग्यूसारखी होती. पहिले पाच नमुने एनआयव्हीकडे गेले आणि त्यांतील तीन चिकुनगुन्याचे निघाले. मग संस्थेच्या पथकाने गावात येऊन आणखी ४१ नमुने घेतले. त्यांत २५ चिकुनगुन्याचे, ३ डेंग्यूचे आणि १ झिकाचा निघाला. ३१ जुलैला जाहीर झालेला तो महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण. एकाच गावात, एकाच महिन्यात, एकाच जातीच्या डासामार्फत तीन विषाणू फिरत होते. नुसत्या लक्षणांवर विसंबून राहिले असते तर सगळेच डेंग्यूच्या नावावर जमा झाले असते.

दौंड तालुक्यातच, सोलापूर रस्त्यावरच्या यवत गावी, याहून विलक्षण गोष्ट घडली आहे. ती चिकुनगुन्याची आहे, पण डासही तोच आणि धडाही तोच. १९६० च्या दशकात भारतात चिकुनगुन्याच्या मोठ्या साथी आल्या. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला शेवटची साथ नोंदली गेली आणि मग हा विषाणू देशातून जणू गायब झाला. १९८६ मध्ये खोर्शेद पावरी यांनी त्याच्या नाहीसे होण्यावर लेखही लिहिला. १९९० च्या दशकात कोलकात्यात केलेल्या रक्ततपासणीत चिकुनगुन्याची प्रतिपिंडे वयस्कर लोकांत सापडली, कोवळ्या वयात नाही. म्हणजे जुन्या साथीत सापडलेली पिढी तेवढी खूण बाळगून होती आणि नंतर जन्मलेल्यांना विषाणू भेटलाच नव्हता. असे असताना २००० मध्ये यवतमध्ये पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांतून एनआयव्हीच्या संशोधकांनी चिकुनगुन्याचा विषाणू वेगळा केला. देवेंद्र मौर्य आणि सहकाऱ्यांचा हा लेख २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथून पाच वर्षांनी, २००५-०६ मध्ये, चिकुनगुन्याचा भडका उडाला. २००६ मध्ये देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले आणि महाराष्ट्र त्यात आघाडीच्या राज्यांत होता. नंतर विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी जुन्या-नव्या विषाणूंची जनुकीय तुलना केली. १९६३ ते १९७३ या काळातले विषाणू आशियाई गटाचे होते, २००५-०६ चे आफ्रिकी गटाचे, आणि यवतचा विषाणू याच आफ्रिकी गटातला निघाला. देशभर पसरलेल्या साथीच्या घराण्यातला विषाणू पाच वर्षे आधीच दौंड तालुक्यातल्या एका बाजारगावच्या डासांत होता.

डासांतून जिवंत विषाणू मिळणे ही नशिबाची गोष्ट असते. तो डास त्याच दिवशी, त्याच घरात पकडावा लागतो. प्रतिपिंडे मात्र वाट पाहतात. रस्त्यालगतच्या गावांत दर दोन-तीन वर्षांनी मुलांचे थोडे रक्त तपासले जात असेल, तर नवा विषाणू साथीच्या बऱ्याच आधी नजरेत येऊ शकतो. यवतच्या घटनेतून निघणारा सर्वांत उपयोगी निष्कर्ष हाच आहे.

मुलांचेच रक्त का, याचे उत्तर वयाच्या आलेखात आहे. आयजीजी जन्मभर टिकत असल्याने वय वाढेल तसे ती असणाऱ्यांचे प्रमाण वाढत जाते. हे प्रमाण किती वेगाने चढते त्यावरून दर वर्षी नव्याने किती जणांना लागण होते ते काढता येते. समजा, ज्यांना अजून डेंग्यू झालेला नाही अशांपैकी दर वर्षी ५ टक्क्यांना तो होतो. तर दहा वर्षांच्या मुलांत साधारण ४० टक्के आणि वीस वर्षांच्या तरुणांत ६४ टक्के जणांच्या रक्तात खूण सापडेल. पन्नाशीच्या माणसांत ती जवळजवळ सर्वांतच असेल, त्यामुळे त्यांच्या रक्तावरून अलीकडचे काही कळणार नाही. मुलांचा भूतकाळ लहान असतो. सात वर्षांच्या मुलाच्या रक्तात आयजीजी सापडली तर संसर्ग गेल्या सात वर्षांतलाच असणार. एक वर्षाखालील बाळे मात्र वगळतात, कारण त्यांच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे असतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये झालेले राष्ट्रीय सर्वेक्षण याच तत्त्वावर आखलेले होते. मनोज मुऱ्हेकर आणि सहकाऱ्यांनी १५ राज्यांतील ६० जिल्ह्यांत ५ ते ४५ वर्षे वयाच्या १२,३०० लोकांचे रक्त तपासले. डेंग्यूची खूण ४८.७ टक्के लोकांत सापडली. ५ ते ८ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण २८.३ टक्के, ९ ते १७ वर्षांत ४१ टक्के आणि १८ ते ४५ वर्षांत ५६.२ टक्के होते. पश्चिम विभागाचा आकडा ६२.३ टक्के, दक्षिणेचा ७६.९ टक्के आणि ईशान्येचा अवघा ५ टक्के. शहरी भागात ७०.९ टक्के आणि ग्रामीण भागात ४२.३ टक्के. त्याच सुमारास, २०१७ मध्ये, पुणे शहरात सुमारे चौदाशे लोकांच्या पाहणीत ८१ टक्के लोकांना डेंग्यू होऊन गेल्याचे दिसले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील मुलांमधील डेंग्यूचे प्रमाण आणि पहिल्या लागणीचा वेग यांवरचा पुण्याच्या संशोधकांचा अभ्यासही २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

शहर ८१ आणि देशाचा ग्रामीण भाग ४२, या दोन आकड्यांच्या मध्ये शिरूर आणि दौंड कुठे बसवायचे? हा प्रश्न सरासरीने सुटणार नाही. शिक्रापूर कागदावर खेडे असले तरी तिथली वस्ती शहरासारखी दाट आहे, आणि त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाची वाडी विखुरलेली. शिवाय डेंग्यू गावभर सारखा पसरत नाही. मादी डास जन्मल्या जागेपासून शे-दोनशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. बँकॉकमध्ये हेन्रिक सालये आणि सहकाऱ्यांनी विषाणूंच्या जनुकांचा अभ्यास केला तेव्हा एकमेकांपासून २०० मीटरच्या आत राहणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ६० टक्के एकाच साखळीतले निघाले. दूरवर विषाणू नेतो तो माणूस. कारखान्याच्या बसमधून, लोकलमधून, आठवडे बाजारातून तो या गल्लीतून त्या गल्लीत पोहोचतो. दोन महामार्ग आणि एक जंक्शन असलेल्या या पट्ट्यात नमुने निवडताना म्हणूनच रस्त्याकाठची गावे, कामगारांच्या चाळी, बागायती गावे आणि कोरडवाहू वाड्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

अशा कामासाठी शिरूर तालुक्यात एक दुर्मीळ सोय आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकात वढू येथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. कोयाजींना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून वढूच्या परिसरातील शिरूर आणि हवेली तालुक्यांच्या २२ गावांत लोकसंख्येची अखंड नोंद ठेवली जाते. प्रत्येक घराला क्रमांक आहे आणि ठरावीक काळाने कार्यकर्ते घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू, कोण आले आणि कोण गेले ते टिपतात. सेरो सर्वेक्षणासाठी हा पाया किती मोलाचा आहे, हे बाहेरून चटकन लक्षात येत नाही. रक्तातली आयजीजी संसर्ग झाला एवढेच सांगते, कुठे झाला ते सांगत नाही. सणसवाडीच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला डेंग्यू गावाकडे झाला असेल, ऊसतोड मजुराला बीडमध्ये. माणूस इथे किती वर्षे राहतो हे नोंदीवरून ठाऊक असेल तरच त्याच्या रक्ताची साक्ष या मातीबद्दल धरता येते. दौंड तालुक्यातही अशी कायमची नोंद उभी राहणे गरजेचे आहे.

प्रत्यक्ष गावात काम सुरू होते ते ग्रामपंचायत आणि आशा ताईंपासून. यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कोणाच्या मर्जीवर न सोपवता घरे निवडतात. आई-वडिलांची लेखी संमती घेतात, समजत्या मुलालाही विचारतात. दंडाच्या शिरेतून तीन ते पाच मिलिलिटर रक्त काढतात. ते थंड पेटीतून नेऊन सीरम वेगळे करतात आणि गोठवून ठेवतात. त्याच वेळी घरातील पाण्याची भांडी तपासून अळ्या मोजल्या, तर रक्त आणि डास या दोन्ही बाजू एकत्र जुळतात. ‘रक्त कशाला, पोराला तर ताप नाही’ असे आई म्हणते तेव्हा तिला नीट उत्तर द्यावे लागते. ताप न येताही डेंग्यू होऊन जातो, तो मोजायचा आहे, हे सांगितले की बहुतेक घरे तयार होतात. अहवाल मात्र घरी परत पोहोचलाच पाहिजे. रक्त घेऊन निघून जाणारे पथक पुढच्या वेळी दारात उभे राहू शकत नाही.

आकड्यांतही सावधगिरी लागते. समजा, १०० मुलांपैकी २० जणांना खरोखर डेंग्यू होऊन गेला आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९५ टक्के अचूक आहे. तर त्या २० पैकी १९ पॉझिटिव्ह येतील आणि उरलेल्या ८० पैकी ४ चुकून पॉझिटिव्ह येतील. चाचणी २३ टक्के म्हणेल, खरे प्रमाण २० टक्के. प्रमाण जितके कमी, तितकी ही फसगत मोठी. चाचणीची अचूकता ठाऊक असली की गणिताने ही चूक दुरुस्त करता येते. ती न करता जाहीर केलेला आकडा वाचकाने मानू नये.

या आकड्यांवर मुलांचे जीव अवलंबून असतात, हे फिलिपिन्सने दाखवून दिले. डेंगवॅक्सिया ही लस तिथे २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना दिली गेली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ती बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केले की ज्या मुलांना आधी कधीच डेंग्यू झालेला नव्हता, त्यांना लस घेतल्यानंतर होणारा संसर्ग अधिक गंभीर ठरू शकतो. त्यांच्या शरीरात लसीनेच पहिल्या संसर्गासारखी स्थिती निर्माण केली होती. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने ही लस देण्याआधी रक्त तपासण्याचा मार्ग सुचवला. नव्या क्यूडेंगा लसीसाठीही संघटनेच्या २०२४ च्या शिफारशीत वयाच्या नवव्या वर्षापर्यंत ६० टक्क्यांहून अधिक मुलांत डेंग्यूची खूण असणे हा जास्त प्रसाराच्या भागाचा एक निकष धरला आहे. भारतात पॅनासिया बायोटेकच्या डेंगीऑल या एका डोसच्या लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथे सुरू झाली आणि तिच्यात १० हजारांहून अधिक प्रौढ सहभागी होणार असे तेव्हा जाहीर झाले. लस हाती आली की ती आधी कुठे आणि कोणत्या वयाला द्यायची, हा प्रश्न तालुक्या-तालुक्यात येईल. त्या दिवशी जिल्ह्याची सरासरी पुढे करून भागणार नाही.

तोपर्यंत करण्यासारखे काम खर्चिक नाही. पाच ते दहा वर्षांची मुले, दोन्ही तालुक्यांतील चार प्रकारच्या वस्त्या आणि दर तीन वर्षांनी एक फेरी, एवढी आखणी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला एनआयव्ही आणि वढूच्या केंद्राच्या मदतीने पेलण्यासारखी आहे. त्या जोडीला खासगी डॉक्टरांनी झटपट चाचणीत पॉझिटिव्ह आलेल्या रुग्णाचा नमुना सेंटिनेल रुग्णालयात पाठवला, तर चालू साथही नोंदीत येईल. शिरूर-दौंडमधल्या ज्या घरी असे पथक येईल, त्या घराने मुलाचा हात पुढे करावा आणि आठवड्यातून एक दिवस पाण्याची सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवावीत.